टेकडीमागच्या घरात रेंज

मोबाइलचे टॉवर उभारणाऱ्या कंपनीत मी नोकरी करते. टॉवर साधारण कुठे हवा, हे नकाशावर ठरवायचं काम आमच्या सरांचं. त्या जागेवर पाया कसा घ्यायचा, यंत्रांची केबिन कुठे बसवायची, जनरेटरचा धूर आणि आवाज कुणाच्या खिडकीत जाणार नाही ना, हे ड्रॉइंगमध्ये मांडायचं काम माझं. आमचं घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, पण मी वाढले भाईंदर पूर्वेला नवघरमध्ये, आणि लग्नानंतरही तिथेच राहिले. त्यामुळे मीरा-भाईंदरच्या गच्च्या मला चांगल्या ओळखीच्या आहेत. नया नगरमधल्या दाटीच्या इमारती, त्यांच्या पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले सांडगे-पापड, आणि "मॅडम, इससे बीमारी तो नहीं होगी ना?" असं विचारत जिन्यापर्यंत सोडायला येणारे सोसायटीचे सेक्रेटरी.

चेणे गावाचं काम मात्र गच्चीचं नव्हतं. घोडबंदर रोड सोडून आत वळलं की शहर एकदम संपतं आणि टेकड्या सुरू होतात. तिथे रेंज नव्हती. सरांनी नकाशावर एक गोल काढला आणि म्हणाले, "इसके अंदर कहीं भी जगह मिली तो काम हो जाएगा." सर गुजराती घरातले, पण तिसरी पिढी भाईंदरची. माझ्याशी हिंदीत बोलायचे आणि मध्येच एखादा मराठी शब्द टाकून हसायचे.

दिवाळी होऊन गेली होती. गवत पिवळं पडायला लागलं होतं. सरांच्या हातातल्या फोनवर रेंज मोजत आम्ही एका पाड्यावरून चाललो होतो. घरांपाशी रेंज अजिबात नव्हती. मागच्या टेकडीची पायवाट चढायला लागलो तसे आकडे हलायला लागले. वर एक मोठा खडक होता आणि त्यावर दोन बायका बसल्या होत्या. एक साठीच्या पुढची, नऊवारी घट्ट नेसलेली. दुसरी तरुण, पोटुशी, कानाला फोन लावून मोठ्याने बोलणारी. "जेवलास काय? हॅलो? जेवलास काय?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

सर काहीतरी बोलायला गेले तशी म्हातारीने तोंडावर बोट ठेवलं. आम्ही दोघं तिथेच गवतात गप्प उभे राहिलो. फोन मध्येच तुटला. तरुण बाईने दोन-तीनदा परत लावून बघितला, मग फोन पदराला पुसला आणि कमरेला खोचला.

"आता बोल," म्हातारी सरांना म्हणाली. "काय पायजे?"

अशी माझी आणि मावशींची ओळख झाली. त्यांचा मुलगा आखातात वेल्डरचं काम करायचा. शुक्रवारी त्याला सुट्टी असायची, म्हणून शुक्रवारी सासू-सून दिवस कलायच्या आत या खडकावर येऊन बसायच्या. पलीकडून शहराची थोडी रेंज तिथे पोचायची. सून सात महिन्यांची गरोदर होती. उतरताना मावशी पुढे आणि ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे, अशा त्या उतरत होत्या. मी तिचा दुसरा हात धरला.

घरी त्यांनी आम्हाला चहा दिला. टॉवर म्हटल्यावर मावशी लगेच उठल्या आणि घरामागची मोकळी जागा दाखवायला घेऊन गेल्या. "ही घ्या. काय पेरत न्हाय आता हितं. नवरा व्हता तवर वाल करायचा." जागेच्या कडेला एक आंब्याचं झाड होतं. त्यांच्या नवऱ्याने लावलेलं. मी टेप लावून मापं घेत होते, तर त्या मागून म्हणाल्या, "झाड आड येत असंल तर तोडा."

"कशाला तोडायचं, मावशी? केबिन थोडी सरकवते ना."

"तोडा, मी सांगतंय. आंबे काय, बाजारात पन मिलतात."

झाड वाचवूनच मी ड्रॉइंग केलं. केबिनचं तोंड फिरवलं, जनरेटर लांबच्या कोपऱ्यात नेला, त्यांच्या न्हाणीकडे धूर जाणार नाही असा. मातीची तपासणी झाली. थोड्या खोलीवरच चांगला कातळ लागला, टॉवरच्या पायाला याहून बरं काही मिळत नाही. मी ड्रॉइंगची प्रत घेऊन गेले तेव्हा मावशींनी कागद ओट्यावर पसरला, त्यावर तळहात फिरवला आणि विचारलं, "यात आमचं घर कुटं हाय?"

आमच्या ड्रॉइंगमध्ये प्लॉटच्या हद्दीबाहेरचं काही दाखवत नाहीत. मी पेन काढलं आणि घर काढून दिलं. दार, पडवी, तुळस. सुनेने वाकून बघितलं आणि म्हणाली, "पडवी एवढी मोठी न्हाय आमची." आम्ही तिघी हसलो. इतकं साधं बोलणं, पण त्या घरातलं आम्हा तिघींचं हसू आठवलं की मला अजून ती पडवी दिसते.

परवानगी मिळाली नाही. जंगलाची हद्द टेकडीच्या पायथ्याला होती आणि मावशींची जागा त्या हद्दीला फार जवळ पडत होती. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या जंगलात बिबटे आहेत, आणि उद्या सगळ्यांनीच टॉवर-बंगले बांधायचे म्हटलं तर ते जंगल उरणार नाही. पण हे सांगायला जायचं होतं मला.

मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी फुंकणीने जाळ नीट केला.

"म्हंजे न्हाय?"

"नाही मिळत, मावशी. आम्ही परत अर्ज करून बघितला."

"बरं," त्या म्हणाल्या. "चा घेशील ना?"

सून आत होती. तिला नुकतीच मुलगी झाली होती. बाळंतिणीची खोली अंधारी होती, शेक-शेगडीचा वास येत होता. तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "त्यांनी अजून हिला बघितली न्हाय. फोटो पाठवलाय, पन तो जातच न्हाय. नुसतं गोल फिरतंय."

पावसाच्या तोंडावर दुसऱ्या जागेवर टॉवर उभा राहिला. हायवेच्या बाजूला एक हॉटेल आहे, त्याच्या गच्चीवर. पुढच्या सगळ्या वस्तीत रेंज आली. रिक्षावाले खूश, दुकानदार खूश. पण मावशींचा पाडा टेकडीच्या मागे होता आणि टेकडीची कूस मध्ये येत होती. नकाशावर तो भाग आधीही करडा, म्हणजे बिनरेंजचा, होता आणि नंतरही करडाच राहिला. हायवेच्या कडेला काकड्या विकायला बसलेल्या मावशी मला भेटल्या. माझ्या पिशवीत निवडून काकड्या घालत म्हणाल्या, "सगल्यांकडं आली. आमच्याकडं अजून न्हाय. पोर घेऊन जातो वर. छत्री धरतो तिच्यावर."

"पावसात नका जाऊ हो मावशी. शेवाळ असतं."

"मग कवा जाऊ? त्याची सुट्टी पावसाला विचारून येते काय?"

श्रावणात खडकाच्या वाटेवर सून पडली. बाळ सासूच्या कडेवर होतं म्हणून वाचलं. सुनेचा हात मोडला. मला हे कळलं तेव्हा मी भाईंदरच्या दवाखान्यात गेले. प्लॅस्टरमधला हात पोटावर ठेवून ती बसली होती. मला बघून म्हणाली, "फोन फुटला न्हाय, ताई. लांब गवतात पडला." आधी मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण ती अगदी मनापासून सांगत होती.

मी ऑफिसात सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, दस-बारह घर हैं उधर. मीटिंग में कौन मानेगा?" मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच दवाखान्यात जाऊन आले. आल्यावर मला म्हणाले, "पानी की टंकी के पास जो जगह है ना पाड्यावर, वो हद्द से दूर है. छोटा खांब लगेगा?"

"बसेल. केबिनची गरज नाही, जनरेटर नको. कातळात बोल्ट घेतले की झालं."

"बना दो ड्रॉइंग. बाकी मैं देखता हूँ."

मीटिंगमध्ये ते काय बोलले मला माहीत नाही. मी त्या खोलीबाहेर होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि पंप काढून त्यांनी श्वास घेतला. दम्याचा त्रास होता त्यांना. "हो गया," एवढंच म्हणाले.

तो खांब मी आजवर काढलेल्या कामांत सगळ्यात लहान असेल. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबापेक्षा थोडा उंच, खाली कपाटाएवढी पेटी. पाड्यावरच्या लोकांनी त्याच्याभोवती दगड रचून दिले, गुरं अंग घासायला येऊ नयेत म्हणून. सुरू झाला तो शुक्रवार होता. मावशींनी मला आणि सरांना जेवायला बोलावलं होतं.

अंगणात खाट टाकली होती. सुनेचा हात बरा झाला होता. फोन वाजला आणि पडद्यावर मावशींचा मुलगा दिसला. पहिल्यांदाच बघत होते मी त्याला. दाढी वाढलेली, पांढरा बनियन, मागे लोखंडी खाटांची रांग. मावशींनी बाळाला फोनसमोर धरलं. त्याने हाताने डोळे झाकले आणि तसाच बसला. मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. "आये, फोन फिरव. घर दाखव. झाड दाखव. ती नवी भिंत कशी झालीय? आये, तुझे पाय दाखव, गुडघे सुजलेत म्हणलीस ना." मावशी लाजून पाय लुगड्यात ओढत होत्या आणि तो तिकडून हट्ट करत होता. सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, ये मैंने नक्शे पर कभी नहीं देखा था."

त्यानंतरचा हिवाळा आणि उन्हाळा त्या घरात माणूस परत आल्यासारखा गेला. शुक्रवारची वाट बघायची गरज राहिली नाही. तो रोज कामावरून आला की फोन लावायचा. मावशी फोन डब्याला टेकवून ठेवायच्या आणि भाकऱ्या थापायच्या. तो तिकडे जेवायचा, ह्या इकडे. सर त्या रस्त्याने गेले की मुद्दाम मावशींना फोन करायचे. "मावशी, कितनी काठी?" रेंजच्या उभ्या रेघांना मावशी काठ्या म्हणायच्या. "चार हायत, शेठ. आज चार." सर ऑफिसात येऊन मला सांगायचे, "चार काठी," आणि दिवसभर खूश असायचे.

बाळ चालायला लागलं. फोन वाजला की धावत जाऊन त्यावर हात ठेवायचं आणि "बा, बा" करायचं. तो गणपतीला येणार होता. सुट्टी मंजूर झाली होती. मुलीसाठी चालताना वाजणारे बूट घेतले होते, ते त्याने फोनवर दाखवले होते.

जूनच्या सुरुवातीला तो गेला. तिकडे भयंकर ऊन होतं. काम करताना कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्याच्या खोलीतल्या मित्राने सकाळी फोन केला. सून मोरीवर भांडी घासत होती. राखेच्या हातानेच तिने फोन घेतला.

मला सरांनी सांगितलं. ते त्या दिवशी नेहमीसारखं फोन करायला गेले होते, आणि मावशींनी फोन उचलून नुसतं म्हटलं होतं, "शेठ, आता नको विचारू." सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बाकीचं त्यांनी पाड्यावरच्या दुसऱ्या एकाला विचारून घेतलं होतं.

मी गेले. पडवीत बायका बसल्या होत्या. मावशींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या बाळाला मांडीवर घेऊन पेज भरवत होत्या. मला जवळ बसवून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं, घरात व्हतो. वर खडकावर असतो, अन् तिनं तिथं ऐकलं असतं, तर पोर घेऊन खाली पडली असती. तुमच्या खांबानं एवढं केलं."

मी त्यांच्या हातातला चमचा घेतला आणि बाळाला भरवायला लागले.

सून आतून आली. केस मोकळे, डोळे सुजलेले. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तो खांब काढा."

बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

"काढा तो. फोन वाजला की ही धावते. कालपासून कितीदा वाजला. नातेवाईक करतायत. दर वेळेला ही 'बा' म्हणत धावते. मला ऐकवत न्हाय. काढा, नायतर मीच कुऱ्हाड घालीन."

मावशींनी तिचा हात धरून खाली बसवलं. "तिचं मनावर घेऊ नको, बाय," त्या मला म्हणाल्या. पण मी ते मनावर घेतलं होतं, आणि मला ते चूक वाटलं नाही. त्या खांबाने तिला जे दिलं होतं तेच आता तिच्या घरात सारखं वाजत होतं. मी फोन घेतला आणि त्याचा आवाज बंद करून दिला. माझ्या हातात तेवढंच होतं.

त्याला आणायला बरेच दिवस लागले. तिकडचे कागद, इकडचे कागद. सरांनी ओळखीच्या लोकांना फोन करून करून मदत केली. पेटी आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि पाड्यावरचे पुरुष ती खांद्यावरून चिखलातून घेऊन आले. पेटी उघडायची नाही असं सांगितलं होतं. मावशींनी पेटीवर डोकं टेकवलं आणि तशाच राहिल्या. तेव्हाही रडल्या नाहीत. त्यांना उठवायला गेलेल्या बाईला म्हणाल्या, "थांब. मला त्याचा वास न्हाय आला अजून."

त्या पावसाळ्यात मी चेण्याला वरचेवर जात राहिले. नवरा म्हणायचा, "तू काय करणार तिथे जाऊन?" खरं तर काहीच करत नव्हते. कधी बाळाचे कपडे न्यायचे, कधी मावशींच्या गुडघ्याचं औषध. माझे वडील रत्नागिरीला गावी एकटे असतात. मी त्यांना दोन दिवसांआड दोन मिनिटांचा फोन करायचे, घाईत, भाजी चिरताना. आता मी बसून फोन करायला लागले. वडिलांनाही नवल वाटलं. "सगळं ठीक आहे ना गं?" असं विचारायचे.

सुनेला घरात बसवेना. नवघरमध्ये आमच्या गल्लीत कपडे शिवण्याचं एक युनिट आहे, तिथे तिला काम मिळालं. शेजारच्या चाळीत खोली घेतली. पुढे मुलीला बालवाडीत घातलं. मावशींना सगळ्यांनी सांगितलं, तुम्हीपण चला. त्या म्हणाल्या, "हितला दिवा कोन लावंल?" आणि तिथेच राहिल्या. खांब कुणी काढला नाही. पाड्यावरच्या पोरांचा अभ्यास त्यावर चालतो, एका गरोदर बाईला त्यावरूनच गाडी बोलावता आली. सुनेने नंतर तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही, मीही काढला नाही. सर निवृत्त झाले. दमा वाढला म्हणून मुलीकडे सुरतेला गेले.

गेल्या महिन्यात मावशी नातीला भेटायला नवघरला आल्या होत्या. सून कामावर होती म्हणून त्या माझ्याकडे थांबल्या. मुलगी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर झोपली होती. आम्ही स्वयंपाकघरात शिराळी सोलत बसलो होतो. मावशी गावातल्या गोष्टी सांगत होत्या, कुणाच्या गाईला कालवड झाली, कुणी पोटमाळा घातला. त्या हसतही होत्या.

आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. शेजारचा मुलगा कामावरून आला. रोजच येतो. बूट काढल्याचा आवाज झाला, आणि त्याने दारातूनच हाक मारली, "आई, भूक लागलीय, काय केलंयस?" पलीकडून त्याची आई काहीतरी म्हणाली. ताट ठेवल्याचा आवाज आला.

मावशींचा विळीवरचा हात थांबला. त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग शिराळं परातीत ठेवलं, पदर तोंडात कोंबला, आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, नात उठू नये म्हणून, सगळं अंग हलवत. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. त्या किती वेळ रडत होत्या मला सांगता येणार नाही. भिंतीपलीकडे तो मुलगा जेवत होता आणि आईला दिवसभराचं काहीतरी सांगत होता, आणि आम्ही दोघी ते ऐकत होतो.